तीनशे सोळा पानांचा कंटाळा

"इतका गोड माणूस हो!" पाठकबाई म्हणाल्या, आणि शाल्मलीच्या डोक्यात सणक गेली.

बार्शीच्या त्या वाचनालयात दर मंगळवारी दुपारी चार वाजता वाचकमंडळ भरायचं. आजचं पुस्तक होतं 'चोख माणूस', आत्मकथेच्या थाटाची कादंबरी. लेखक कैलासवासी प्राध्यापक त्र्यंबक देशमाने, म्हणजे शाल्मलीचे वडील. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धासाठी आठवड्याची रजा काढून ती सोलापूरहून आली होती, तर धाकट्या भावानं, कैवल्यनं, तिला इथे आणून बसवलं. लेखकाच्या कन्येनं दोन शब्द बोलावेत म्हणे! पुस्तक तिनं वाचलेलं नव्हतं, वाचायची इच्छाही नव्हती. ज्या माणसाचं बोलणं जन्मभर ऐकलं, त्याचंच परत पाचशे अठरा पानं कोण ऐकणार?

"माझ्याकडे तर बायको आजारी पडते ना, तेव्हा ते स्वतः पेज करून भरवतात," पाठकबाई डोळे टिपत म्हणाल्या.

"माझ्याकडे तिच्यासाठी बाग लावतात," पलीकडचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले.

दोघांचंही खरं होतं, कारण दोघांच्या हातात पाटी होती. पाटी येऊन आता पंधरा वर्षं झाली. कडेला अंगठा ठेवायचा, तिथून नाडी कळते. वर ठिपक्याएवढा कॅमेरा असतो, तो बुबुळ बघतो. कंटाळा आला की बुबुळ वेगळं हलतं, चीड आली की नाडी वेगळी चालते. दोन्हींतून पाटी वाचकाचं 'रुचिमान' काढते. ते घसरलं की पुढचं पान डोळ्यांसमोर येण्याआधीच बदलून लिहिलं जातं. रटाळ वर्णन गळतं आणि खवट माणूस मवाळ होतो. कंपनी याला 'जुळवणी' म्हणते. त्यामुळे एकच पुस्तक वाचलेल्या दहा जणांनी दहा वेगळी पुस्तकं वाचलेली असतात, आणि मंडळात 'पुस्तकात काय झालं' असं विचारणं आता अडाणीपणाचं मानतात. 'तुमच्याकडे काय झालं?' असं विचारायचं.

शाल्मली अडाण्यासारखंच बोलली. "पेज? माझ्या बापाला गॅसचा खटका कुठल्या बाजूला फिरतो ते माहीत नव्हतं. आई तापानं फणफणलेली असताना हा माणूस चहा थंड झाला म्हणून कप आपटायचा."

"असेल हो, पण पुस्तकात..."

"पुस्तकातही नसणार!"

"आमच्याकडे आहे ना," पाठकबाई म्हणाल्या.

"ताई, इथे तमाशा नको," कैवल्य दातओठ खात पुटपुटला. शाल्मली पर्स उचलून बाहेर पडली, आणि दोन शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच.

कैवल्य तिच्यावर कधी आवाज चढवत नसे. त्याची तऱ्हाच वेगळी होती. तिनं पुढे केलेली वस्तू तो आधी नीट बघायचा आणि मग घ्यायचा, साधी चहाची कपबशी का असेना. त्याची नऊ वर्षांची मुलगी अन्वी आत्याजवळ बसली की तो काहीतरी निमित्त काढून तिला हाक मारायचा. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं, कारण त्याचा उजवा डोळा गेलेला होता, दुधावर साय धरावी तसा पांढरा पडला होता. आणि तो शाल्मलीमुळे गेला असं घरादारानं ठरवून टाकलं होतं.

ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तो चार वर्षांचा. त्या काळी पानपट्टीवर तंबाखूत मळायचा चुना प्लास्टिकच्या मऊ नळीत मिळायचा. तसली एक नळी पोरानं तिच्या कंपासपेटीतून काढली, दोन्ही मुठींत धरून दाबली, आणि ती फुटून चुना थेट डोळ्यात गेला. घरात तंबाखू खाणारं कोणी नव्हतं. वडील तर तालुक्याच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष, शाळाशाळांतून भाषणं ठोकणारे! "शाल्मलीनं रस्त्यावरून उचलून आणली असणार," ते म्हणाले. पेटी तिची होती, मग दुसरं कोण असणार? "माझी नाही, मला माहीत नाही," असं ती तीन दिवस सांगत राहिली. चौथ्या दिवशी आईनं थोबाडीत मारली, तेव्हा तिनं सांगणं सोडलं. पुढे पुढे तिला स्वतःलाच खात्री वाटेना. उचलली असेल बाई, लहानपणी काय काय उचलतो आपण! आई गेली ती हेच मनात धरून गेली.

त्या संध्याकाळी शाल्मली भावाच्या घरी माडीवर पाटी घेऊन बसली. पाठकबाईंना तोंडावर खोटं पाडायचं, एवढाच तिचा हेतू होता. पहिली दहा-वीस पानं वडिलांसारखीच होती, आपलं ते सोनं आणि दुसऱ्याचा तो शेणगोळा. मग मजकूर कधी वळला ते तिला कळलंही नाही. पाटीला तिची नाडी कळत होती, म्हणजे तिच्या मनातली भळभळती जागाही कळत होती. पुस्तकातला 'मी' मुलीबद्दल बोलू लागला. तिच्यावर आपण अन्याय केला असं म्हणू लागला. कसला अन्याय ते कुठेच नव्हतं, डोळा नव्हता की चुना नव्हता. नुसतं एवढंच होतं: 'पोरी, तुझा बाप चुकला. जमलं तर माफ कर.'

शाल्मली ओक्साबोक्शी रडली. एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य समोर होतं. तिनं ते पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिचं रडं थांबलं. पोरी? या माणसानं तिला उभ्या जन्मात 'पोरी' म्हटलं नव्हतं. 'कन्या' म्हणायचा तो, चारचौघांत आणि घरातही. 'कन्येला सांगा, दिवा बंद करायला.' कोणीतरी तिच्या तोंडात गोळी कोंबून तिला गप्प केलं होतं, आणि ती चघळत बसली होती. तिला स्वतःचीच शिसारी आली.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. ग्रंथपाल रुक्साना शेख साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, आणि त्यांना पाटीचा मनस्वी राग.

"कागदाची प्रत पाहिजे? 'चोख माणूस'ची?" त्यांनी शाल्मलीला आपादमस्तक न्याहाळलं. "कागदावर दोनशे छापल्या होत्या तुमच्या वडलांनी. एक हाय आमच्याकडं. मी सोडून कुणी हात लावला नाही तिला."

"तुम्ही वाचलंय?"

"पुरतं वाचलंय. लई छळवादी पुस्तक हाय, ताई, राग मानू नका. त्यातला माणूस असा हाय की वाटतं, पानात हात घालावा आणि दोन ठेवून द्याव्यात." प्रत टेबलावर ठेवून त्यांनी तिच्यावर हात दाबून धरला. "एक सांगते. उड्या मारू नका. कंटाळा आला तरी ओळ न् ओळ वाचा. उड्या मारल्या तर काही हाताला लागणार नाही."

तिथेच वाचनकक्षात शाल्मलीनं दोन दिवस काढले. देवा, काय ते पुस्तक! अकरा पानं स्वतःच्या सदऱ्याला इस्त्री कशी करावी यावर. चौदा पानं समितीच्या बैठकीतल्या खुर्च्यांच्या मांडणीवर. शेजारी मूर्ख, सहकारी मत्सरी, बायको मंदबुद्धीची, आणि 'मी' एकटा चोख. तिला नाडी मोजणाऱ्या कडेची इतकी सवय झाली होती की दर दोन पानांनी अंगठा कागदाच्या काठाशी जायचा, आता तरी हा माणूस बदलेल म्हणून. कागद ढिम्म हलायचा नाही. एक गोष्ट मात्र तिच्या हळूहळू लक्षात येत गेली. हा निवेदक स्वतःची लबाडीसुद्धा झाकत नव्हता. झाकण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. सहकाऱ्याविरुद्ध निनावी पत्र लिहिलं, तर त्यातली भाषा किती नेटकी होती यावर दीड पान. बायकोशी खोटं बोलला, तर ते कसं बेमालूम जमलं याचं कौतुक. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तीनशे सतराव्या पानावर आली.

'त्या दिवशी सासरे यायचे होते. त्यांना नको तिथे हात घालून वस्तू तपासण्याची खोड होती. माझी तंबाखू मी पुस्तकांमागे ठेवली आणि चुन्याची नळी कन्येच्या कंपासपेटीत. मुलींच्या कंपासपेट्या कोणी उघडत नाही, असे माझे निरीक्षण होते. ते चुकीचे ठरले, याचा मला खेद आहे. धाकट्याने ती नळी फोडली व डोळा गमावला. कन्येने रस्त्यावरून आणली असावी, असे मी म्हणालो. वाक्य साधे होते. साधी वाक्ये लोकांना लवकर पटतात. पुढच्या आठवड्यात समितीची निवडणूक होती, तीत मी बिनविरोध निवडून आलो. मात्र घरात वर्दळ वाढल्याने दोन महिने मला तंबाखू वर्ज्य करावी लागली व त्या काळात माझे पोट साफ होत नसे.'

पुढे दोन पानं पोटावर होती.

शाल्मली हसायला लागली. रुक्सानाताई धावत आल्या तेव्हा ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "मी नव्हते," ती म्हणाली. "ताई, मी नव्हते हो! मला वेड लागलं नव्हतं!" रुक्सानाताईंनी तिला पोटाशी धरलं आणि देशमान्यांच्या नावानं एक अशी शिवी हासडली की वाचनकक्षातला पेपर वाचणारा म्हातारा उठून गेला.

तशीच ती तरातरा घरी गेली आणि जेवत्या कैवल्यच्या ताटाशेजारी पुस्तक आपटलं. "वाच. पान तीनशे सतरा."

त्यानं वाचलं, घास चावत. मग पाणी प्यायला. "बरं मग?"

"बरं मग? तुझा डोळा कोणी घालवला ते लिहिलंय तिथे!"

"कादंबरी आहे ती, ताई. कादंबरीत माणूस खून केल्याचंही लिहितो. म्हणून काय पोलीस येतात?"

"हा खून नाही, हे आपलं घर आहे! आजोबा येणार होते त्या दिवशी, आठवतंय का तुला?"

"मी चार वर्षांचा होतो. मला फक्त आग आठवते." तो शांतपणे बोलत होता, आणि तोच शांतपणा तिच्या जिव्हारी लागत होता. "माझ्याकडे हे असं नाही. माझ्याकडे बाबा दवाखान्यात तीन रात्री माझ्या उशाशी बसतात."

"तुझ्याकडे! तुझ्याकडे! अरे, तुला बरं वाटावं म्हणून लिहिलंय ते! तूच वारस म्हणून जुळवणीला संमती दिलीस ना?"

"नाहीतर कोण वाचणार होतं हे?" तोही आता तापला. "आणि तुझं काय? इतकी वर्षं तू एक पान शोधत होतीस, ते सापडलं तुला. रंगत यावी म्हणून लेखक स्वतःला वाईट दाखवतात. तेवढ्यावर मी मेलेल्या बापाला चोर ठरवू? आणि तुला साव?"

शाल्मलीला वाटलं त्याच्या श्रीमुखात भडकवावी. पण बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की त्याच्या जागी असती तर तिनंही विश्वास ठेवला नसता. सुटं पान कोणाचंही असू शकतं. ज्यानं त्या माणसाची इस्त्री सोसली आहे, खुर्च्या सोसल्या आहेत, त्यालाच कळेल की असा माणूस रंगत आणण्यासाठी स्वतःला वाईट दाखवणं शक्य नाही. त्याला आपण वाईट दिसतोय हेच ठाऊक नाही. रुक्सानाताईंनी उड्या मारू नका म्हणून बजावलं होतं, आणि हिनं भावाला नेमकी तीनशे सोळा पानांची उडी मारायला लावली होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाच. कागदावर."

"वेळ नाही मला."

"मग मी इथेच बसले." तिनं सतरंजी ओढून बैठकीच्या खोलीत मधोमध फतकल मारली. "तू वाचत नाहीस तोवर उठणार नाही. श्राद्धाला गुरुजी येतील, पाहुणे येतील, सगळ्यांना सांगेन का बसलेय ते."

"धरणं धरतेस? सख्ख्या भावाच्या घरात?"

"हो! काय करशील?"

उरलेला दिवस तो तिच्याभोवतीनं ये-जा करत राहिला. अन्वी दारातून बघायची आणि बापाची हाक आली की पळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुस्तक हिसकावल्यासारखं उचललं, समोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "शंभर पानं. त्याच्या पलीकडे एक ओळ नाही."

चौथ्या पानावरच तो चुळबुळू लागला. सवयच गेलेली. त्याचा अंगठाही कागदाच्या काठावर दाबला जात होता. एक डोळा, तोही लवकर शिणणारा. "आण, मी वाचून दाखवते," शाल्मली म्हणाली.

"तू वाचशील ते खरं कशावरून?" तो म्हणाला. तिनं जीभ चावली. ओळीखाली बोट ठेवून तो एकटाच वाचत राहिला.

इस्त्रीच्या पानांवर तो एकदा फस्सकन हसला. "कॉलरची आतली बाजू आधी! डोकं खायचे माझं." पुढे हसणं थांबलं. आईचा 'मंदबुद्धी' असा उल्लेख आला तिथे त्यानं पुस्तक मिटलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला. परत आला आणि पुन्हा उघडलं. शंभर पानं झाली, दीडशे झाली, त्यानं थांबायचं नाव काढलं नाही. रागानं वाचत होता, त्या माणसाशी भांडत वाचत होता. "असं कोण बोलतं?" "अरे, त्याच्या बापानं कधी केलं होतं का?" शाल्मली सतरंजीवर बसून ऐकत होती. त्याच्या वाचण्यावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि त्याला घाई करायचीही सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी, निनावी पत्राचं प्रकरण संपल्यावर, तो वर न बघताच म्हणाला, "हा खोटं लिहीत नाही गं. आयुष्यभर खोटं बोलला आणि इथे सगळं जसंच्या तसं मांडतोय. लाजच नाही ना, मग लपवील कशाला?"

ती बोलली असती तर त्याला वाटलं असतं, ही मला वळवतेय.

चौथ्या दिवशी दुपारी तो तीनशे सतरावर आला. तेच पान, जे त्यानं घास चावत वाचलं होतं. या वेळी त्याचं बोट पोटाच्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं. त्याचा धड डोळा लालबुंद झाला होता.

"दोन महिने तंबाखू," तो म्हणाला. "माझा डोळा गेला, आणि याला त्रास कसला, तर तंबाखूचा. हे रंगत म्हणून कोणी लिहीत नाही, ताई." त्यानं पुस्तक खाली ठेवलं. "तू नव्हतीस."

"नव्हते."

"मला तो उशाशी बसलेला बाप हवा होता. तू तोही घेतलास माझ्याकडून. का वाचायला लावलंस मला हे? तुला सुटायचं होतं म्हणून?"

"हो," शाल्मली म्हणाली. "मला सुटायचं होतं म्हणून."

तो खुर्चीतून उठून तिच्यासमोर सतरंजीवर येऊन बसला, गुडघे दुखतात त्या माणसासारखा, हळूहळू. "मी तुझ्याशी कसा कसा वागलो. पोरीलासुद्धा तुझ्यापासून लांब ठेवलं. ताई, मला माफ करशील?"

एकतीस वर्षं तिनं हा प्रश्न मनात घोकला होता, आणि उत्तरही. हो रे वेड्या, असं म्हणायचं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. त्याचा पडलेला चेहरा बघून तेच म्हणावंसं वाटलं. त्याला बरं वाटलं असतं, तिलाही वाटलं असतं. पाटीनं नेमकं तेच लिहिलं असतं. पण आत बघितलं तर तिथे माया नव्हती, अजून नुसता राग होता, ताजा आणि सणसणीत.

"नाही," ती म्हणाली. "खरं सांगू? आत्ता मला तुझं तोंडसुद्धा बघवत नाही."

तो उठून जाईल, असं तिला वाटलं. तो गेला नाही. सतरंजीवर मांडी घालून तसाच समोर बसून राहिला, आणि त्यानं विचारलं, "मग कधी?"